कानवाले अप्पा

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक अप्पा असतात. वार्षिक सभेत पाणी, पार्किंग आणि मांजरं हे विषय निघाले की ते डुलक्या काढतात, पण गेटातून आत येणाऱ्या गाडीचं काही खडखडलं, की गॅलरीतून ओरडतात, "डावीकडचा बुश गेलाय रे!" गाडीवाल्याला बुश म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि अप्पांना गाडीवाला कोण ते.

आमचे अप्पा पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. प्रीमिअर पद्मिनीचे टॅपेट आणि चेतकचं मिसिंग ऐकत त्यांचा कान तयार झाला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. ते डोळे उघडेपर्यंत गाडीमालक मनातल्या मनात एफडी मोडून मोकळा झालेला असे. घरी स्वयंपाकघरातला पंखा कित्येक वर्षं कुरकुरतो आहे, असं काकू सांगतात. अप्पांना तो आवाज अजून आलेला नाही.

मग पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटी दिसू लागल्या आणि अप्पा बेकार झाले. इंजिनच नाही, तर टॅपेट कुठून वाजणार? काही दिवस त्यांनी लिफ्टवर भागवलं.

त्यांना संजीवनी मिळाली ती एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर. फास्ट चार्जरला लावलेली, कुलूपबंद, रिकामी गाडी पुढून जोरात घुमत होती. "आत चिटपाखरू नाही आणि एसी चालू ठेवून गेलाय बघा!" अप्पांनी माणसं जमवली. वडापाव घेऊन परतलेल्या मालकाने खुलासा केला, की चार्जिंगमध्ये बॅटरी तापते आणि तिला गार करायला एसीचाच कंप्रेसर धावतो. अप्पा ओशाळले नाहीत, खूश झाले. त्या रात्री ते यूट्यूबसमोर बसले, ते काकूंनी दिवा बंद केला तेव्हाच उठले.

आता पार्किंगमध्ये त्यांचं व्याख्यान असतं. पेट्रोल गाडीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इकडे त्याला स्वतःची मोटर, म्हणून सिग्नलला गाडी ठप्प उभी असतानाही तो वेग वाढवतो. आवाज पूर्वीही होते, पण इंजिनाच्या घरघरीत झाकले जायचे, आता सगळे उघड्यावर आलेत! बॉनेट उघडलं, की एरवी कुठेही हात घालणारे अप्पा केशरी केबलपासून सोवळ्यातल्या माणसासारखे लांब राहतात. "हाय व्होल्टेज आहे. इथे स्क्रूड्रायव्हर नाही चालायचा." कोपऱ्यावरच्या गॅसवाल्याकडे निघालेल्या एकाला तर त्यांनी गेटवरच अडवलं. या कंप्रेसरची मोटर गॅस आणि तेलातच बुडलेली, म्हणून तेल वीज अडवणारं लागतं, बहुतेक ठिकाणी पीओई. नेहमीचं पीएजी गेलं की इन्सुलेशनची वाट. हे मात्र अगदी खरं आहे, आणि अप्पांमुळे त्या माणसाचे बरेच पैसे वाचले. तो अजून त्यांच्याशी बोलत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्याच्या गाडीत एसी लावला की टर्र व्हायचं. सर्व्हिस सेंटरने कंप्रेसर बदलायचा अंदाज दिला होता. अप्पा शेजारच्या सीटवर बसले. "एसीचं बटण बंद कर. ब्लोअर राहू दे." टर्र चालूच. "म्हणजे कंप्रेसर निर्दोष. आता ब्लोअर वाढव." टर्र जलद झाली. "टेंपरेचर फिरव. टकटक नाही ना? मग आतली झडपही सुटली. काढ डॅशबोर्डचा खण!"

खणातून गाडीचे कागद, टिश्यू पेपर आणि अर्धा चिवडा निघाला. मागचा केबिन फिल्टर धुळीने काळा झालेला. खालून ब्लोअर सोडवला, तर त्याच्या पिंजऱ्यात सोनमोहराची वाळकी शेंग अडकलेली. मागे कुणीतरी फिल्टर बदलताना वरचा पाचोळा आत सांडला असणार. अप्पांनी ती शेंग दोन बोटांत धरून जमलेल्यांना सगळ्या बाजूंनी दाखवली. वॉचमनला दोनदा.

ब्लोअर परत बसला, एसी लागला, गार वारा बिनबोभाट आला. आयटीवाला वाकून पाया पडणार, इतक्यात अप्पांनी हात वर केला.

"थांब. आता ऐकू येतंय. मघाशी शेंगेखाली दबलं होतं. कंडेन्सर फॅनचं बेअरिंग. बारीक शीळ घालतंय."

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत येऊ लागलं. तेव्हापासून तो बिचारा गाणी मोठ्याने लावूनच गाडी चालवतो, आणि गेटातून आत शिरला की गॅलरीतून हाक येते, "उजव्या दाराचा स्पीकर फाटलाय रे!"