शनिवार-रविवारचे पुणेकर

लातूर-अकोल्याहून येऊन हिंजवडी-वाकडात स्थिरावलेल्या मंडळींना पुणं भेटतं ते शनिवार-रविवारीच, आणि तेही ताटातून. पावसाळ्यात तर सिंहगड ठरलेला. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये हा गड एका रात्रीत सर केला. आपली अख्खी सकाळ गाडी लावायला जागा शोधण्यात जाते. वर धुक्यात चूल पेटलेली, मावशी भराभर भाकऱ्या थापतायत, शेजारी झुणका, ठेचा, मडक्यातलं दही. गावी आईने हेच वाढलं की आपण नाक मुरडायचो. इथे आधी फोटो, मग घास. उतरताना खडकवासल्याच्या कोंडीत भाजलेलं कणीस. शनिवारवाडा मात्र अजून राहिलाय. तिथे आत खायला काही मिळत नाही ना!