अस्वलवाले

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून उत्तरेला गॉसफर्डकडे जाणाऱ्या गाडीत ‘शांत डबे’ असतात. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. ही सोय रेल्वेला का करावीशी वाटली असेल, हा प्रश्न अस्वलवाल्यांच्या शेजारी सव्वा तास काढलेल्या माणसाला कधीच पडत नाही.

अस्वलवाले हा एक माणूस नव्हे, जातकुळी आहे. वय साठीच्या पुढे. अंगात लाल-काळा टी-शर्ट, त्यावर अस्वल. धुऊन धुऊन अस्वलाचा एक कान गेलेला. काखेत प्लास्टिकचं जाड फोल्डर. ओळख करून देताना नाव नंतर येतं, आधी पद येतं : “मी बिडच्या कामात आहे.” कसली बिड? सेंट्रल कोस्ट बेअर्स या रग्बी लीग क्लबला एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक स्पर्धेत, जागा मिळवून देण्याची. खेळाडू कोण? अजून नाहीत. प्रशिक्षक? ठरायचाय. सामने? ते प्रवेश मिळाल्यावर. मग आहे काय? “सभासद!” ते छाती फुगवून सांगतात. जो क्लब अस्तित्वात नाही त्याची वर्गणी भरलेले लोक. अस्वलवाल्यांनी स्वतःची भरलीच, नातवाचीही भरून टाकली. नातू तेव्हा पाळण्यात होता. परवा त्याला मिसरूड फुटल्याचं कळलं.

इथे एक खुलासा करायला हवा. मुंबईत जिमखान्यावर दिसते ती पंधरा गड्यांची रग्बी युनियन. ही तेरा गड्यांची लीग. सहाव्यांदा पकडले गेलात की चेंडू समोरच्यांच्या हवाली. दोन्ही एकच, असं अस्वलवाल्यांसमोर बोलू नये. ते हात उचलणार नाहीत, पण 1908 पासून सुरू करतील.

1908 ला सिडनीत लीगची स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनचा त्यांचा मूळ क्लब, नॉर्थ सिडनी. 1921 आणि 1922 ला अजिंक्य. 1922 च्या अंतिम सामन्यात ग्लीबला 35-3 असं धुतलं, हे अस्वलवाले असं सांगतात की जणू परवा रविवारी स्वतः बाकावर बसून पाहिलं. त्यानंतर त्यांचा इतिहास एकदम 1991 वर उडी मारतो. मधल्या सत्तर वर्षांत काय झालं म्हणाल तर विजेतेपद झालं नाही. 1943 ची फायनल न्यूटाउनकडून 34-7 ने गमावली, ही माहिती मला दुसऱ्या माणसाने दिली. त्याने आनंदाने दिली. तो शेजारच्या वैरी क्लबचा, मॅन्लीचा होता.

नव्वदचं दशक मात्र ते डोळे मिटून सांगतात. 91, 94, 96, 97 : चार वेळा अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर येऊन परत. शेवटच्या खेपेला न्यूकॅसलकडून 17-12. मग दोन प्रतिस्पर्धी स्पर्धांच्या भांडणानंतर समेट झाला, 1998 ला वीस संघ एकत्र आले, आणि 2000 पर्यंत ते चौदा करायचे ठरले. नॉर्थ सिडनीने गॉसफर्डला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं होतं. तिथे नवं स्टेडियम उभं राहत होतं. पाऊस लागला, काम लांबलं, कर्ज वाढलं. स्टेडियम 2000 ला तयार झालं. क्लब 1999 लाच गेला. त्याला मॅन्लीशी जोडून ‘नॉर्दर्न ईगल्स’ नावाचं प्रकरण केलं गेलं. मॅन्ली म्हणजे शेजारचा पिढीजात वैरी. तीन हंगामांत सगळं मोडलं आणि परवाना मॅन्लीकडे राहिला. या तीन वर्षांबद्दल विचारलं तर अस्वलवाले खिडकीबाहेर हॉक्सबरी नदी बघतात.

त्यानंतर सुरू झाली ती बिड. अस्वलवाले खरे फुलले ते इथे. सोळाव्या जागेसाठी 2005 ला प्रयत्न केला. जागा गोल्ड कोस्टला गेली, ते 2007 पासून खेळूही लागले. पुढच्या दशकात नवा क्लब घ्यायचाच नाही असं ठरलं. 2021 ला सतरावी जागा निघाली, पण ती ब्रिस्बेनमधल्याच कुणाला द्यायची होती, डॉल्फिन्सना मिळाली. प्रत्येक नकारानंतर फोल्डर एक बोट जाड झालं. वस्ती तीन लाखांवर, मुलांचे संघ इतके, स्टेडियमात वीस हजार खुर्च्या, स्टेशनपासून पायी किती मिनिटं, लंगडणाऱ्या माणसाला किती मिनिटं. लग्न न जमणाऱ्या मुलाचा बाप जसा दर स्थळागणिक पत्रिका नव्याने टंकून आणतो, तशी यांची चिकाटी.

मी एकदा त्यांना पुण्याचं सांगितलं. 2010 ला आयपीएलमध्ये पुण्याचा संघ आला तो लिलावातून. मालकाने कोट्यवधी डॉलर मोजले, संघ आला, 2013 च्या हंगामानंतर गेलाही. ते गंभीर झाले. “सभासद किती होते?” म्हटलं, आमच्याकडे असलं सभासद-बिभासद काही नसतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आपल्याकडे कुणी गेल्यावर ठेवतात तसा.

गॉसफर्डच्या स्टेडियममध्ये दुसरा एक खराखुरा क्लब खेळतो, हे अस्वलवाल्यांचं जुनं दुखणं. फुटबॉलचा सेंट्रल कोस्ट मरिनर्स. स्थापना 2004 ची, आणि 2013, 2023, 2024 असा तीनदा विजेता. म्हणजे बेअर्सनी फोल्डर भरलं तेवढ्या काळात यांनी कपाट भरलं. अस्वलवाले त्यांच्या सामन्यांनाही जातात, पण मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. प्रेक्षक मोजतात. “फुटबॉलला एवढे, म्हणजे लीगला दुप्पट.” तिथे हवा भरलेल्या सॉसच्या प्रचंड बाटल्या उभ्या करतात, त्या हिशेबात धरू नयेत इतका प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे. खाडीकडच्या बाजूला ताडामाडांची रांग आहे, तीही धरत नाहीत.

डिसेंबर 2024 मध्ये बातमी आली : पापुआ न्यू गिनीचा संघ 2028 पासून खेळणार, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं सरकार दहा वर्षांत साठ कोटी डॉलर देणार. तिथे लीग हा जीव की प्राण असलेला खेळ आहे हे खरंच. पण पॅसिफिकमध्ये चीनचा पाय रोवला जाऊ नये हे कारणही त्यामागे असल्याचं बोललं गेलं. अस्वलवाले आठवडाभर अस्वस्थ होते. “आमच्या फोल्डरमध्ये चीनचा मुद्दाच नव्हता,” असं ते पुनःपुन्हा म्हणायचे. पुढच्या भेटीत एक नवं पान दिसलं. विषय : गॉसफर्डच्या खाडीचं सामरिक महत्त्व.

आणि मग मे 2025. अस्वलाला प्रवेश मिळाला! अठरावा क्लब, 2027 पासून मैदानात, तोच लाल-काळा रंग, नॉर्थ सिडनीशी रीतसर करार. नाव पर्थ बेअर्स. पर्थ. गॉसफर्डपासून तेहेतीसशे किलोमीटरवर, खंडाच्या दुसऱ्या टोकाला, हिंदी महासागराच्या काठी. घड्याळसुद्धा दोन तास मागे. तिथे संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला की इथे साडेनऊ, म्हणजे अस्वलवाल्यांच्या झोपेची वेळ उलटून गेलेली.

त्यांचे काही जुने सोबती त्या रात्री रडले, काही नाचले, काहींनी लगेच नवी वर्गणी भरली. अस्वलवाल्यांनीही भरली. पण चेहऱ्यावर आनंदाऐवजी काळजीच दिसत होती, आणि ती मला अंतराची वाटली नाही. 1999 नंतर वरच्या स्पर्धेत त्यांचा संघ एकही सामना हरलेला नव्हता. ईगल्सची तीन वर्षं ते धरत नाहीत. पाव शतक अपराजित, कारण पाव शतक मैदानात नाही. आता 2027 ला खरे तेरा जण उतरणार, खरा चेंडू हातातून निसटणार, खरा पंच शिट्टी फुंकणार. फोल्डरमधल्या क्लबला गुडघ्याची दुखापत होत नव्हती.

माझा अंदाज होता की ते आता गप्प बसतील. उलट फोल्डर पुन्हा बाहेर आलं आहे. त्यांचं गणित असं : आत्ता सतरा संघ, 2027 ला अठरा, 2028 ला पापुआ न्यू गिनी धरून एकोणीस. एकोणीस विषम. दर आठवड्याला एका संघाने घरी बसायचं, हे टीव्हीवाल्यांना किती दिवस परवडणार? विसावा लागणारच. आणि विसावा कुठला, हे त्यांनी पहिल्याच पानावर लिहिलं आहे. नवा क्लब, नवं नाव; अस्वल पर्थला दिल्यामुळे प्राणी तेवढा ठरायचाय.

तुम्ही गॉसफर्डला जाणार असाल तर जरूर जा. खाडी सुंदर आहे, स्टेडियमही. फक्त कुणी प्राणी सुचवा म्हणालं, तर सुचवू नका. नातेवाइकांसकट सभासद करून घेतात.