एक विनापरवाना बागाईतदार

महसूल खात्याच्या दप्तरात ज्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्याच्या ठिकाणी परवाना या वस्तूविषयी जी निष्ठा उत्पन्न होते, ती वारकऱ्याच्या विठ्ठलभक्तीहून तसूभरही उणी नसते. झाड तोडण्यापूर्वी झाड तोडण्याची परवानगी, वाळूच्या पहिल्या फावड्यापूर्वी वाळूचा ठेका आणि मयत इसमाच्या वारसांस तो इसम खरोखरीच मयत असल्याचा दाखला, या क्रमाने जगाकडे पाहावयाची सवय मला जडली होती. साहजिकच सेवानिवृत्तीनंतर काही वर्षांनी, ओझरनजीकच्या आमच्या वडिलार्जित द्राक्षबागेची वहिवाट थोरल्या बंधूंच्या गुडघेदुखीमुळे माझ्याकडे आली, तेव्हा बागेत पाय ठेवताच मी त्यांना पहिला प्रश्न केला तो असा, की विषारी औषधे फवारण्याचा आपला परवाना कोणत्या सालापर्यंत मुदतीत आहे. बंधूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मग वहिनींना हाक मारून माझ्यासाठी लिंबाचे सरबत करावयास सांगितले.

प्रश्न मात्र उन्हाचा नव्हता. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, की त्या दिवसापासून घड उतरेपर्यंत बागाईतदार आभाळाकडे पाहून झोपतो आणि पानाखाली पाहून उठतो. रात्री पावसाची सर येऊन गेली आणि पहाटे धुके बसले, तर डावणी. हवा जरा कोरडी व थंड झाली, तर भुरी. फुलोरा आला, की फुलकिडे. आणि या सर्वांतून जे मणी वाचले त्यांच्या देठाशी पांढऱ्या कापसासारखे बसून राहावयाचे, ते मिलीबग. यांतील प्रत्येकासाठी निराळे औषध, प्रत्येक औषधाचे निराळे प्रमाण, आणि प्रत्येक प्रमाणाविषयी शेजाऱ्याचे निराळे मत. इतक्या वेळा इतक्या जातींचे विष इतक्या माणसांच्या हातून उडत असता, त्यास कोठेही, कोणाचाही, साधा शिक्का मारलेला कागद आधारास नसावा, ही गोष्ट मला मानवेना. मी टाक पुसला व रीतसर दरखास्त लिहून तालुक्याच्या गावी कृषी कचेरीत दाखल झालो.

तेथील अधिकारी तरुण, कृषी पदवीधर आणि कमालीचे सौजन्यशील होते. त्यांनी दरखास्त वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. "भाऊसाहेब, दुकान काढताय का?" नाही म्हटले. "मग घरोघरी झुरळे-वाळवी मारण्याचा धंदा?" तोही नाही म्हटले. स्वतःच्या बागेत, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वेलींवर फवारणी करावयाची आहे, एवढेच. त्यांचा चेहरा उजळला. "त्याला काही लागत नाही!" जणू एखादी सूट जाहीर करावी अशा आनंदाने ते उद्गारले, आणि माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी कपाटातून कायद्याचे पुस्तक काढून कलम 38 माझ्यापुढे धरले. 1968 च्या कीटकनाशक कायद्यातील त्या कलमान्वये, घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या वहिवाटीतील जमिनीसाठी जो कोणी कीटकनाशक वापरील, त्यास त्या कायद्यातील काहीही लागू होत नाही. सबंध कारकिर्दीत मी कलमे वाचली ती कोणास तरी कशात तरी अडकविणारी. खातेदारास इतक्या उदार हस्ते मोकाट सोडणारे कलम मी प्रथमच पाहत होतो.

या कायद्याच्या जन्माची हकीकत आठवली, म्हणजे तर हे औदार्य अधिकच चमत्कारिक वाटते. 1958 साली केरळात पॅराथिऑन नावाच्या जहाल कीटकनाशकाचा संसर्ग झालेले पीठ लोकांच्या पोटात गेले आणि शंभरावर माणसे दगावली. विष आणि अन्न यांचा प्रवास एकाच जहाजातून झाला होता. त्यानंतर चौकशी आयोग बसला, अहवाल झाला, दहा वर्षांनी कायदा संमत झाला आणि आणखी तीन वर्षांनी, 1971 साली, तो अंमलात आला. सरकारी दप्तराच्या नाडीचा ज्यास परिचय आहे, तो या वेगास मंद म्हणणार नाही. कायद्याने विषाची नोंदणी आली, उत्पादकास परवाना आला, विक्रेत्यास परवाना आला, निरीक्षक आले, नमुने आले, प्रयोगशाळा आल्या. अलीकडे तर दुकानदारास कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी हवी. ती नसेल, तर निदान पदविका तरी हवी, आणि त्यासाठी आठवड्यातून एक दिवस दुकानाची फळी न उघडता वर्षभर वर्गात बसावयाचे. आमच्या बाजारपेठेतील पन्नाशी ओलांडलेले एक सद्गृहस्थ नातवाचे दप्तर पाठीस लावून वर्गास जाताना मी स्वतः पाहिले आहेत. सारांश, बाटली दुकानाच्या फळीवर असेपर्यंत तिच्याभोवती कायद्याचा कडेकोट पहारा असतो. गिऱ्हाइकाने ती पिशवीत टाकली व पायरी उतरला, की पहारेकरी घरी जातात.

नाही म्हणावयास, बाटलीवरचा त्रिकोण गिऱ्हाइकाबरोबर बागेपर्यंत येतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी व हाडे. मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. बाटलीसोबत एक घडीपत्रकही मिळते. त्यात हातमोजे, गॉगल, तोंडावरचे आच्छादन, वाऱ्याची दिशा, विषबाधेची लक्षणे आणि उतारा असे सर्व ज्ञान अनेक भाषांत, परंतु अशा बारीक टायपात छापलेले असते, की भिंग घेऊनही मी उताऱ्यापर्यंत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ज्याने ते वाचावयाचे, तो आमचा गडी, त्याच वेळी बादलीतले औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळत होता, आणि नोझल तुंबले म्हणून ते तोंडाने फुंकून साफ करीत होता. घडीपत्रकात या दोन्ही गोष्टी करू नयेत असे, माझ्या भिंगाच्या साक्षीने, स्पष्ट लिहिले होते.

येथे थट्टा थोडी बाजूस ठेवतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, अंगावर साधा सदरा घालून फवारणी करणारी माणसे शेकड्यांनी इस्पितळात भरती झाली आणि त्यांतील वीसच्या आसपास परत आली नाहीत. त्यांत मजूर होते, छोटे शेतकरी होते. मग चौकशी झाली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, दुकानांच्या तपासण्या झाल्या. ज्याच्या पाठीवर पंप होता, त्यास शिकवून सवरून मगच पंप उचलू द्यावा, हा विचार मात्र सल्ल्याच्या व शिबिरांच्या पलीकडे फारसा सरकला नाही.

द्राक्ष खाणाराची काळजी आपण अधिक मन लावून घेतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचे अंश मर्यादेहून अधिक सापडले, म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली, तेव्हा उडालेली धांदल बागाईतदार अद्याप विसरलेले नाहीत. आज निर्यात करावयाची, तर बागेची नोंदणी हवी, कोणते औषध, किती, कोणत्या तारखेस मारले याची रोजनिशी हवी, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजलेले हवेत आणि मण्यांचे नमुने प्रयोगशाळेत उतरलेले हवेत. रोजनिशीचे नाव ऐकताच मी निम्मा तृप्त झालो व ताबडतोब तांबड्या शाईने रकाने आखले. तरीही हॉलंडातील एका अनोळखी गृहस्थाच्या फराळाचा बंदोबस्त माझ्या हातून इतका चोख व्हावा, आणि आमच्या गड्याच्या नाकावर उपरण्याचे टोकही नसावे, ही विसंगती वहीच्या प्रत्येक पानावर मला टोचू लागली.

अशा मनःस्थितीत मला बातमी लागली, की फवारणीस परवाना लागतो. फक्त ती आकाशातून करावी लागते. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे दहा लिटरची टाकी घेऊन उडणारे जे यंत्र एक एकर बाग दहा मिनिटांच्या आत भिजविते, ते चालविणारास वैमानिकाचे प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि मग दहा वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. पूर्वी त्यास परवानाच म्हणत, पण 2022 साली तो शब्द काढून प्रमाणपत्र केले. ज्या मुलुखात मला एकच परवाना सापडावयाचा होता, तेथूनही तो ऐन वेळी निसटला. तथापि प्रमाणपत्रावरही माझी गुजराण झाली असती. मी नियम मागवून वाचले. उमेदवार दहावी उत्तीर्ण असावा, होतो. वय 18 हून कमी नसावे, नव्हते. वय 65 हून अधिक नसावे. या ठिकाणी मी चष्मा काढून ठेवला.

ज्या विषाची बादली सत्तरीचा म्हाताराही खुशाल ढवळू शकतो, ते हवेतून सोडण्यास मात्र तो म्हातारा नालायक, असा निवाडा झाल्यावर आमच्या घराण्याची अब्रू सूनबाईंनी राखली. त्यांच्या बचत गटाची ड्रोन दीदी योजनेत निवड झाली. या योजनेत गटास यंत्राच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाखांपर्यंत, साहाय्य मिळते आणि निवडलेल्या बाईस पंधरा दिवसांचे प्रशिक्षण. सूनबाई परत आल्या त्या वैमानिक होऊनच. ज्या घरात चार पिढ्यांत कोणी सायकलीहून उंच वाहनावर बसले नव्हते, त्या घराच्या ओसरीवर प्रमाणपत्र चौकटीत लागले, आणि पाहुण्यांस चहाच्या आधी ते दाखविण्याचा उद्योग माझ्याकडे आपोआप आला.

पहिली फवारणी आमच्याच बागेवर करावयाची, असा मुहूर्त मी काढला. सूनबाईंनी नकाशा उघडला. आकाशाचेही हिरवे, पिवळे व लाल असे पट्टे पाडलेले आहेत. हिरव्यात खुशाल उडावे, पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रकाची अनुज्ञा, लाल पट्ट्यात केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आत तर हिरवा पट्टा औषधालाही सापडत नाही. "बाबा," त्या शांतपणे म्हणाल्या, "आपली बाग धावपट्टीच्या शेजारी आहे." ओझरला 1964 पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, पूर्वी मिग उडत, आता सुखोई उडतात, आणि त्यांच्या गडगडाटाने आमच्या वेलींच्या तारा लहानपणापासून थरथरताना मी पाहत आलो आहे. ज्या आकाशात सुखोई, त्याच आकाशात वेलीच्या मांडवावर पुरुषभर उंचीने तरंगणारे सूनबाईंचे यंत्र! लाल त्रिकोणाची बाटली मी कोणासही न विचारता घरी आणू शकतो. ती आकाशातून रिकामी करावयास मात्र लाल पट्ट्यातून थेट दिल्लीपर्यंत जावे लागणार. त्या दिवसापासून सूनबाई बारा किलोमीटरपलीकडच्या गावांत लोकांचे सोयाबीन व मका फवारून येतात, आणि आमच्या बागेत पूर्वीप्रमाणे ट्रॅक्टरचा ब्लोअर व कोपऱ्याकापऱ्यात गड्याच्या पाठीवरचा पंप चालतो.

अखेर मी स्वतःच्या अधिकारात एक परवाना जारी करावयाचे ठरविले. चांगल्या जाड कागदावर, वर अनुक्रमांक व जावक क्रमांक घालून, मसुदा केला: सदर इसमास खालील शर्तींवर फवारणी करण्यास याद्वारे मुभा देण्यात येत आहे, हातमोजे व मुखपट्टी अनिवार्य, वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करू नये, तंबाखू मळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, नोझल साफ करण्यास तार वापरावी, तोंड वापरू नये, शर्तभंग झाल्यास परवाना रद्द. गड्याला समोर बसवून तो मी खणखणीत आवाजात वाचून दाखविला व खाली अंगठ्यासाठी जागा ठेवली.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. "भाऊसाहेब, माझ्याबी दोन-चार शर्ती घाला की त्यात," तो म्हणाला. "मोजं आन् पट्टी मालकानं आणायची. घरी जायच्या आधी अंघोळीला गरम पाणी आन् साबण बागेतच पाहिजे. धुतलेलं कापडाचं दुसरं जोड पाहिजे. आन् वारा सुटला तर फवारा बंद, पण हजेरी चालू."

शेवटच्या शर्तीवर मी थोडी घासाघीस करून पाहिली. अर्ध्या हजेरीचा तोडगा सुचविला. शासकीय नियमांत अशी तरतूद नसल्याचेही निदर्शनास आणले. "शासनाचा नियमच नाही म्हणता ना तुम्ही," तो म्हणाला, आणि पंप जमिनीवर ठेवून बांधावर ऐसपैस बसला. डावणीचे पहिले डाग तिसऱ्या ओळीत दिसू लागले होते. मी कागद मांडीवर घेतला, चारही शर्ती अनुक्रमे दाखल केल्या, आणि खाली 'मंजूर' असा शेरा मारून तारखेसह सही केली. त्याने कागद घडी करून टोपीत ठेवला व विचारले, "याची एक नक्कल तुमच्याकडं राहू द्या, मालक. नूतनीकरणाला लागंल."