आधी भाजी चिरायला शिक

घरातल्या सात माणसांना एकच सिनेमा आवडावा अशी अपेक्षा धरणं हा मुळात गाढवपणा. तो मी २००९च्या जानेवारीत केला. संक्रांत नुकतीच झाली होती, डब्यात तिळगूळ उरला होता आणि १६ तारखेला 'चांदनी चौक टू चायना' लागला होता. शनिवारी संध्याकाळच्या खेळाची सात तिकिटं मी स्वतःच्या पैशाने काढली. हे शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत, पुढे कोणी लक्षात ठेवले नाहीत म्हणून इथे नोंदवतो.

माझा हिशेब पक्का होता. अक्षयकुमारचं तेव्हा सगळंच चालत होतं. 'वेलकम' चालला होता, 'सिंग इज किंग' धो धो चालला होता. बायकोला दीपिका आवडायची, इथे तर एका तिकिटात दोन दीपिका होत्या. आठ वर्षांच्या चिरंजीवांना सोसायटीतल्या कराटेच्या क्लासात नुकताच नारिंगी पट्टा मिळाला होता आणि घरातल्या दारांना त्याची झळ पोचत होती. बाबांना विनोदी काहीही चालायचं. आईने फक्त एक प्रश्न विचारला, "मिथुन आहे ना त्यात? मग येते." आत्या आणि आत्याचे यजमान संक्रांतीला आले होते, त्यांना घरात कोंडून ठेवता येत नव्हतं.

मध्यंतराआधीच बाबा झोपले. यजमान मात्र जागे होते, हे जास्त वाईट झालं. दर पाच मिनिटांनी ते माझ्याकडे वाकून विचारत, "चीन कधी येणार?" चीन आला, चीनची भिंत आली आणि थोड्याच वेळात खलनायकाने मिथुनला मारून टाकलं. आई पर्स काखोटीला मारून उठायलाच निघाली. "आता काय बघायचं राहिलंय?" तिचं म्हणणं गैर नव्हतं. बाहेर पडताना आत्या म्हणाली, "यापेक्षा मी हळदीकुंकवाला गेले असते. वाण तरी मिळालं असतं."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी आत्याचीच बाजू घेतली. पुढच्या शुक्रवारी 'स्लमडॉग मिलियनेअर' लागला, सगळ्या देशाला एकदम चित्रपटाची जाण आली आणि आमच्या सिनेमाचं नाव काढणंही मागासलेपणाचं ठरलं. आमच्या घरी मात्र ते नाव टिकलं. कुठलाही बेत फसला की म्हणायचं, "याचा चायना झाला." महाबळेश्वरला धो धो पावसात गेलो, चायना. सोफा जिन्यात अडकला, चायना. लोकांना वाटतं हा टोमणा स्वस्त खेळण्यांवरून आला असावा. आमच्या घरापुरता तो माझ्यावरून आला. सिनेमा निवडायचा माझा अधिकार तेव्हा जो गेला, तो गेला.

परवा दुपारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. आई कॉटवर बसून गवार मोडत होती. मी चॅनल बदलायला गेलो तर म्हणाली, "असू दे. मिथुन मरेपर्यंत बघते."

म्हणून दुसऱ्यांदा बघितला. एवढ्या वर्षांनी आणि फुकट बघताना एक गोष्ट दिसली, जी तिकीट काढल्यावर दिसत नाही. हा सिनेमा कुंगफूचा नाहीच. तो भाजी चिरण्याचा आहे.

गोष्ट आठवून बघा. सिद्धू, म्हणजे अक्षयकुमार, चांदनी चौकात दादाच्या, म्हणजे मिथुनच्या, हाताखाली भाज्या चिरतो. हे काम त्याला कमीपणाचं वाटतं. नशीब उघडावं म्हणून तो ज्योतिषांच्या मागे धावतो आणि बटाट्यात गणपती दिसला म्हणून तो बटाटा जवळ बाळगतो. चीनमधल्या एका खेड्यातले लोक त्याला आपल्या जुन्या योद्ध्याचा पुनर्जन्म समजून घेऊन जातात. तिथे होजो नावाचा गुंड टोपी भिरकावून माणसं मारतो. सिद्धू आधी मार खातो, मग गुरूकडे रीतसर कुंगफू शिकतो. आणि शेवटच्या झुंजीत, जेव्हा शिकलेलं पुरत नाही, तेव्हा त्याचे हात भाजी चिरायच्या लयीत चालू लागतात आणि होजो आडवा होतो. ज्या कामाची लाज वाटत होती तेच कामाला आलं.

आता या होजोचं काम कोणी केलंय? गॉर्डन लिऊने. १९७८च्या 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'चा नायक, कुंगफू सिनेमातला बडा माणूस. आमच्या रांगेत त्याला कोणी ओळखलं नाही, यजमान तर त्याला "तो टोपीवाला" म्हणत होते. त्या जुन्या सिनेमात शाओलिनच्या मठात नव्या शिष्याला पहिल्या दिवशी लाथ मारायला शिकवत नाहीत. जेवणघरात पोचायचं तर आधी पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांवरून तोल सांभाळत पलीकडे जायचं. पडलात तर भिजा, आणि उपाशी राहा. मग पाण्याच्या बादल्या उचलायच्या, दंडांना सुऱ्या बांधून, म्हणजे हात खाली आला की टोचलंच.

हे बघून लोक थक्क होतात. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात वाढलेल्याला थक्क व्हायचं कारण नाही. तिथेही हात धुतल्याशिवाय पान मिळत नसे. पहिली इयत्ता मटार सोलण्याची, दुसरी गवार मोडण्याची, तिसरी लसूण सोलण्याची. विळीला बारा वर्षांचं होईपर्यंत हात लावायचा नाही. आई विळीच्या पाटावर एक पाय दाबून बसली आणि कोबी पुढे घेतला की समोर केसासारखा ढीग पडत जायचा. त्या वेळी ती विळीकडे बघतही नसे, आमच्याकडे बघत असे आणि अभ्यासाबद्दल विचारत असे. होजोची टोपी त्यापुढे काहीच नव्हे.

अक्षयकुमारला हे सगळं बाहेरून शिकावं लागलं नसणार. त्याच्या लहानपणाची काही वर्षं चांदनी चौकातच गेली. पुढे तो बँकॉकला मुष्टियुद्ध शिकला आणि पोटासाठी तिथेच स्वयंपाकी म्हणून राबला, हे त्याने स्वतः कितीदा तरी सांगितलंय. कढई आणि लाथ या दोन्ही विद्या एकाच माणसाला येत असल्याचं दुसरं उदाहरण हिंदी सिनेमात मला तरी सापडलेलं नाही. सिनेमा पडल्यानंतर पुढच्या वर्षी तो 'मास्टरशेफ इंडिया'चा सूत्रधार झाला. म्हणजे कोणीतरी तो सिनेमा नीट बघितला होता.

गैरसमज नको. सिनेमा चांगला आहे असं मी म्हणत नाही. अडीच तासांतला निम्मा भाग पाणी घातलेल्या वरणासारखा आहे. टेलिशॉपिंगवाल्या सखीच्या चमत्कारिक वस्तू आहेत, तिची जुळी बहीण म्याव म्याव आहे, स्मृती गेलेला पोलीस आहे, आणि एवढ्या गर्दीत दिग्दर्शक निखिल अडवाणी आपला विळीचा मुद्दा कुठेतरी ठेवून विसरतात. शेवटी तो सापडतो, तेव्हा बाबा झोपलेले असतात. माझा दावा इतकाच, की त्या शेवटच्या झुंजीपुरते सातांपैकी दोन तिकिटांचे पैसे वसूल होते.

आणि बटाटा. तो सिनेमा बघून आल्यावर चिरंजीवांनी टोपलीतून एक सोंडवाला बटाटा शोधून देवघरात नेऊन ठेवला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. महिन्याभरात त्याला कोंब फुटले. आत्या फोनवर म्हणाली रस्सा करा, आई म्हणाली देवाचा रस्सा करत नाहीत. शेवटी तो गॅलरीतल्या कुंडीत पुरला आणि उन्हाळ्यात लिंबाएवढे चार बटाटे निघाले. ते आम्ही सहकुटुंब खाल्ले. कुठल्याही चांगल्या सिनेमाने आम्हाला बटाटे दिलेले नाहीत.

परवा मिथुन मेल्यावर आई उठली नाही. गवार संपली तरी बसून राहिली. शेवटची झुंज लागली तेव्हा चष्मा वर करून बघत म्हणाली, "मनगट बरं चालतंय त्याचं. आधी भाजी शिकलाय तो." आणि सिनेमाच्या अखेरीला सिद्धूला आफ्रिकेचं बोलावणं आलं, तेव्हा तिने विचारलं, "मग आफ्रिकेचा कधी आला? आपण बघितला नाही तो."

"नाही आला, आई. काढलाच नाही कोणी."

"बघ," ती ताट माझ्या हातात देत म्हणाली, "त्याचाही चायना झाला. ही गवार आत ने."