तृतीयपुरुषी एकवचनाची फिर्याद

इंग्रजी व्याकरणाच्या तालमीचे प्राथमिक, मध्यम व प्रगत असे तीन टप्पे पाडण्याची वहिवाट सर्वत्र रूढ असली, आणि साध्या वर्तमानकाळापासून आरंभ करून विद्यार्थ्यास पायरीपायरीने संकेतार्थाच्या शिखरावर नेऊन बसवावे असा ग्रंथकारांचा एकमुखी हुकूम असला, तरी हे टप्पे ज्या कोणी आखले तो गृहस्थ पांझरेकाठी धुळ्यास अथवा गिरणा ओलांडून जळगावास कधी आलेला नसावा, असे या दोन्ही गावी सायंकाळचे वर्ग चालविल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. खानदेशात सोपे ते अवघड असते आणि अवघड ते जन्मजात येते.

पहिल्याच पायरीवर जो दावा उभा राहतो तो 'स'चा. इंग्रजी क्रियापद वर्तमानकाळी मला, तुला, आम्हांला, तुम्हांला व त्यांना उघडेबोडके सामोरे जाते, आणि एकट्या तृतीयपुरुषी एकवचनापुढे मात्र शेवटी 'स' लावून, जणू पागोटे चढवून, अदबीने उभे राहते. ही मेहेरनजर त्याच्यावरच का, याचा खुलासा कोणत्याही शालेय पुस्तकात केलेला नाही. पुण्याच्या मुलास हा पक्षपात मुकाट्याने पचतो, कारण 'जातो', 'जातोस' असा पुरुषभेद त्याच्या घरातही चालतो. परंतु अहिराणी बोलणाऱ्या घरात एकवचनी वर्तमानकाळाचा 'स' मी, तू आणि तो या तिघांत समान वाटून दिलेला असल्यामुळे, तेथील मूल 'आय गोज, यू गोज, ही गोज' असे सरळ न्यायबुद्धीने म्हणून मोकळे होते. एका पाचवीतल्या मुलाच्या उत्तराखाली मी लाल रेघ ओढली, तेव्हा तो तंटा न करता, केवळ माहितीसाठी म्हणून म्हणाला, "सर, मी जास, तू जास, तो बी जास, मंग इंग्रजीमा काय बिघडस?" यावर देण्याजोगा जबाब माझ्यापाशी नव्हता व अद्यापि नाही.

हा संवाद धुळ्यात घडावा यातही एक औचित्य आहे. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण सिद्ध करणाऱ्या आणि 'तिङन्तविचार' लिहून क्रियापदांच्या प्रत्ययांची वंशावळ खणून काढणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांचा देह याच गावी 1926 साली पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही येथे त्यांचे दफ्तर सांभाळून आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा जो खंड 1907 साली निघाला, त्यात खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसविले आहे. म्हणजे या मुलाचे बोलणे सरकारदरबारी रीतसर रुजू झालेले असून लाल रेघ तेवढी बिनदप्तरी आहे.

सरकारने आपल्या परीने बंदोबस्त पुष्कळ केला. 1948 च्या सुमारास मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर नेऊन ठेवले गेले, पुढे ते पाचवीत आले, आणि 2000 साली थेट पहिलीत उतरले. परंतु भाषा इयत्तांच्या जिन्यावर अशी वरखाली करीत असता 'स' आपल्या जागेवरून तसूभर हलला नाही. आर्टिकलांविषयी मी काहीच बोलत नाही. ती तीन आहेत, आणि त्यांपैकी एकाचीही खानदेशास गरज पडलेली नाही.

आता मध्यम टप्पा. चालू वर्तमानकाळ येथे शिकवावा लागत नाही, कारण 'जाई ऱ्हायनू' म्हणत वाढलेल्या आणि जळगावाकडे 'जाऊन राहिलो' म्हणत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर तो आयताच असतो. शिकवावे लागते ते त्यास आवरणे. कर्मणी प्रयोग मात्र रेन आणि मार्टिनच्या पुस्तकातून यथासांग घोटून घेण्याची प्रथा आहे. (यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात चाकरी केलेले गृहस्थ असून, फ्रेंचांच्या परदेशी पलटणीची वाळवंटी साहसे रंगविणारी 'बो जेस्त' ही 1924 ची प्रख्यात कादंबरी त्यांचीच आहे. प्रयोग बदलण्याचे स्वाध्याय ज्याने रचले, त्याला सहारात पळून जावेसे वाटले असल्यास मला नवल वाटत नाही.) परंतु माझ्या वर्गातील एक सेवानिवृत्त अव्वल कारकून हा धडा वाचण्यापूर्वीच त्यात पारंगत निघाले. आपल्या कचेऱ्यांत 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात यावी' याच प्रयोगाचा अंमल असून कर्ता कोठेही सापडू नये अशी व्यवस्था असते. तेव्हा 'बाय' लावून कर्त्याचे नाव शेवटी लिहावे असे मी सांगताच त्यांनी चष्मा काढला आणि "सर, नाव लिहिलं की चौकशी लागते," अशी समज मलाच दिली.

प्रगत टप्प्याची गोष्ट याहून विलक्षण. 'अमुक केले असते तर तमुक झाले असते' या, भूतकाळाचा भूतकाळ जुळवून रचावयाच्या वाक्यापाशी भलेभले पदवीधर अडखळतात. ते वाक्य माझ्या वर्गात सर्वांत आधी कोणास साधले असेल, तर ते साठीतल्या एका कापूसवाल्या आप्पांना. केळी पिकली की असेल त्या भावात द्यावीच लागतात, म्हणून रावेरकडचा केळीवाला कायम वर्तमानकाळात राहतो. कापूस मात्र घरात भरून ठेवता येतो, आणि भाव चढेल या आशेवर ठेवल्यानंतर तो उतरतो, त्या दिवसापासून घरातील प्रत्येक माणूस संकेतार्थात बोलू लागतो. पुस्तकातील उदाहरणे संपण्यापूर्वीच आप्पांची सुरू झाली. दिवाळीपूर्वी विकला असता तर, दुसऱ्या व्यापाऱ्यास विकला असता तर, धाकट्याचे ऐकले नसते तर! सहायक क्रियापदे एकही न चुकता ओळीने उभी राहिली, आणि 'स'चा तर तेथे प्रश्नच उद्भवत नव्हता.

म्हणून मी पाठक्रम उलटा केला आहे. आधी संकेतार्थ, मग कर्मणी प्रयोग, आणि साधा वर्तमानकाळ वेळ उरल्यास. वर्ग सायंकाळी सात वाजता भरतो; कापूस वेचणीच्या दिवसांत तो तहकूब असतो.