दोनच आहेत हो!

तुमच्या गल्लीतही एक आप्पा असणारच. कुणाकडे पपया फार होतात, कुणाच्या मांजरीला पिल्लं फार होतात. आमच्या आप्पांकडे गोल्डफिश फार होतात. कोथरूडला जुना बंगला, मागच्या अंगणात कमळांचा हौद. त्यात आधी दोनच सोडले होते, असं ते सांगतात.

"दोनच आहेत हो, घ्या," म्हणत ते दारात उभे राहतात. मुंजीला दोनच, वास्तुशांतीला दोनच. पूर्वी पाण्याने फुगलेली पिशवी लांबून दिसायची, दार लावून घ्यायला वेळ मिळायचा. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि आप्पा कडीच्या डब्यावर आले. आता आत आमरस आहे की मासे, हे झाकण उघडेपर्यंत कळत नाही. एकदा ते गल्लीतल्याच एका घरी समाचाराला गेले. निघताना डबा टीपॉयवर ठेवून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "घरात जरा हालचाल राहते. दोनच आहेत."

या माणसाची सगळी नोकरी कुटुंबनियोजनाच्या खात्यात गेली! लाल त्रिकोणाची पोस्टरं घेऊन मावळातल्या वाड्यावस्त्यांवर फिरले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि घरच्या हौदात? गोल्डफिशची मादी एका हंगामात हजारो अंडी घालते. त्यातली बहुतेक मासे स्वतःच खाऊन टाकतात, उरल्यासुरल्या पिल्लांना खंड्या असतोच. म्हणजे माणसाने हातावर हात ठेवून बसणं, एवढंच इथलं नियोजन. आप्पांना हे तोंडपाठ आहे. तरी पहाटे बॅटरी घेऊन ते जलपर्णीची मुळं चाचपत असतात. अंडी चिकटलेली दिसली, की तो झुबका उचलून थेट वेगळ्या टबात. "खाऊन टाकतील हो!" खंड्यासाठी हौदावर जाळी. मग महिन्याभराने डोक्याला हात लावून आमच्याच ओट्यावर बसतात. "फार झाले. पाण्यात अमोनिया वाढतोय. काहीतरी करायला हवं." हे 'काहीतरी' म्हणजे आपण.

पाषाण तलावात सोडून द्या, असं मी एकदा सुचवलं. आप्पा उखडले. "तिथल्या देशी माशांनी कुठे जायचं? हे तळ उकरतात, पाणी गढूळ करतात, दिसेल ते खातात!" तलावाची एवढी काळजी. माझ्या दिवाणखान्याची कुणाला?

बरं, मासे दिले आणि सुटले, असंही नाही. मुलगी दिलेल्या घरी जावं तसे ते पंधरवड्याने चौकशीला येतात. काचेचा गोल बाऊल दिसला, की घरातला कर्ता पुरुष गेलाच. "यात? पूर्ण वाढला तर वीतभर होतो हा!" नळाचं पाणी क्लोरीन उडायला रात्रभर ठेवलं होतं का, खाणं चिमूटभरच घालता ना, पाणी एकदम सगळं तर बदलत नाही ना. या धाकाने आमच्या शेजाऱ्यांनी टीव्ही आतल्या खोलीत नेला आणि तिथे टाकी बसवली. शेजारीणबाई अजून बोलत नाहीत, नवऱ्याशी.

पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली ती गेलीच. सगळ्यांचे पंप बंद, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सत्तरी उलटलेला हा माणूस रेनकोट चढवून घरोघर फिरला. टाकीतलंच पाणी मगात घ्यायचं, उंचावरून परत ओतायचं, हवा मिसळते. ज्याच्या घरी कुणी जागं नव्हतं, तिथे बेल वाजवून जागं केलं. माझ्याकडे आले तेव्हा दोन वाजले असतील. मग ओतत असताना माझ्या दोन माशांची आई कोण, तिच्या शेपटीवर पांढरा डाग कुठे आहे, हे सांगत होते. मी विचारलं नव्हतं. चहा मात्र केला.

आता बंगला पाडायचा आहे. भावांच्या सह्या झाल्या. हौदाच्या जागी पार्किंग येणार. गल्लीत घबराट उडाली, की आता आख्खा हौद वाटला जाणार. पण आप्पा कुणाकडेच फिरकले नाहीत. डबा घेऊन थेट बिल्डरच्या ऑफिसात गेले, मुकाट सही केली आणि डबा टेबलावर विसरले.

परवा तो बिल्डरच आप्पांच्या फाटकात दिसला. रिकामा डबा परत द्यायला आला होता आणि एक मासा खात का नाही, हे विचारायला. पाडकाम दिवाळीनंतरवर गेलंय, म्हणे. टबातली पिल्लं अजून काळपटच आहेत. अंगावर केशरी रंग चढेपर्यंत त्यांना हलवता येत नाही, हे त्याला पटलं आहे.