मजला कोणता?

नागपुरातल्या प्रत्येक फ्लॅट स्कीममध्ये एक काका असे असतात, की ते लिफ्टमध्ये दिसले की माणसं जिन्याने जातात. आमचे काका बेडूकवाले आहेत.

रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. काका भर पावसात आंबोलीला गेले आणि तेव्हापासून त्यांना जग फक्त उभं दिसतं. कोणाचंही नाव निघो, पहिला प्रश्न ठरलेला, ‘मजला कोणता?’ भाचीला पाहायला आलेल्या मुलाला काकूंनी पगार विचारला, काकांनी मजला. ‘सातवा’ म्हटल्यावर खूश होऊन विचारते झाले, ‘बोटांमध्ये पडदे आहेत का?’ ते स्थळ पुढे सरकलं नाही.

आता काकांचं म्हणणं इतकंच होतं, की सदाहरित जंगल म्हणजे बेडकांची फ्लॅट स्कीमच, जो तो आपापल्या मजल्यावर, आणि वर राहणाऱ्याला खाली यायचीही सोय लागते. सह्याद्रीतल्या मलबारी उडत्या बेडकाच्या बोटांमध्ये लालभडक पडदे असतात. ते ताणून हा पठ्ठ्या झाडावरून नऊ-दहा मीटर तरंगत जातो. बाळंतपणही वरच. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी फेसाचं घरटं करते, त्यात अंडी घालते आणि पिल्लं सुटली की टपटप खालच्या डबक्यात. ‘भाऊ, काय प्लॅनिंग आहे, पाहून तर घे!’ असं म्हणून काका लिफ्टचं दार पायाने अडवून धरतात.

मग मधला मजला. झुडपांतले नखाएवढे बेडूक. त्यांना डबकंच नको. शेपटीवालं पिल्लू हा प्रकारच नाही, अंड्यातून थेट चार पायांचा बेडूक बाहेर. तळमजल्याला आंबोलीचा भेक, जांभ्याच्या कातळावर राहणारा. शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद 2009 सालची, आणि आंबोलीचा परिसर सोडून तो कुठे सापडत नाही. तळघरात केरळचा जांभळा बेडूक. हा वर्षभर जमिनीखाली वाळवी खातो आणि पावसाच्या तोंडावर लग्नापुरता वर येतो. ‘आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याने राहणाऱ्या पोरांसारखा,’ हे काकांचं मत. ती पोरं वर्षभरात फक्त गणपतीच्या जेवणाला दिसतात, हे मात्र खरं आहे.

काकूंचा सवाल रास्त असतो. नागपुरात कुठलं आलं सदाहरित जंगल? इथे सागाची पानगळ आणि मे महिन्यात 45 अंश. यावर काका त्यांना हाताला धरून कुलरपाशी नेतात. खसच्या ताटीमागे, टाकीच्या वरच्या काठावर, पाय पोटाशी घेऊन तपकिरी झाडबेडूक बसलेला असतो. बोटांच्या टोकाला गोल गाद्या, त्यामुळे गुळगुळीत पत्र्यावरही घसरत नाही. आणि अंगातली ओल उडू नये म्हणून कातडीतून निघणारा तेलकट स्राव पायांनी सगळीकडे चोळून घेतो. काकूंनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘पाहा, तो आपला आपण तेल लावून राहिला. तुमच्या पाठीले मले लावा लागते!’

काकांचा कळस मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाला. विषय होता, मागच्या मोकळ्या जागेत गट्टू बसवणे. सगळ्यांचे हात वर. काका उठले, ‘तळघरवाल्यांना विचारलं का?’ स्कीमला तळघर नाही, असं सेक्रेटरींनी निदर्शनास आणलं. मग काकांनी बिळात राहणाऱ्या बेडकाची बाजू मांडली. टाचेजवळ फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्याने तो उलटा उलटा माती उकरत खाली जातो, कोरडे महिने तिथेच काढतो आणि पहिल्या दमदार पावसात वर येतो. वर गट्टू असले तर येणार कुठून? इतिवृत्तात लिहिलं गेलं : ‘एका सभासदाने अनुपस्थितांच्या वतीने हरकत घेतली. हरकत फेटाळली.’

काका कंटाळवाणे आहेत, यात वाद नाही. पण गट्टूंच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं. पुढच्या पावसाळ्यात मागून एक डरांव ऐकू आलं नाही, आणि जे पाणी आधी मातीत मुरायचं ते पार्किंगमध्ये येऊन उभं राहिलं. तेव्हा सेक्रेटरींची गाडी तळमजल्यालाच होती.

म्हणून विनंती एवढीच. जुलैच्या रात्री तुमच्या गच्चीवर कोणी बॅटरी घेऊन टाकीभोवती वाकलेलं दिसलं, तर चोर चोर ओरडू नका. आणि टाकीच्या कडेला पांढरा फेस चिकटलेला असेल, तर तो आठ दिवस तरी धुवू नका.